एकटा होता तेव्हा सहा वर्षं काहीच हाती लागलं नाही, मग दोन मित्र आले : विल्यम कॅरीची गोष्ट

१८०५ सालची गोष्ट. पुण्यात दुसरे बाजीराव पेशवे गादीवर होते. मराठी मुलुखात पोथ्या अजून हातानेच उतरवल्या जात होत्या. आणि त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये, हुगळी नदीच्या काठी, मराठी भाषेचं एक व्याकरण छापून बाहेर पडलं. पाच वर्षांनी, १८१० मध्ये, तिथूनच मराठी-इंग्रजी कोश आला. त्यातले मराठी शब्द चक्क मोडी लिपीत छापलेले होते. मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश यायला तेव्हा अजून २१ वर्षं बाकी होती.

हे व्याकरण आणि हा कोश ज्याच्या नावावर आहे तो माणूस म्हणजे विल्यम कॅरी. इंग्लंडमधल्या एका खेड्यात बूट शिवून पोट भरणारा कारागीर, पुढे बाप्टिस्ट पंथाचा पाळक, आणि त्यानंतर भारतात आलेला मिशनरी.

ज्या गावात हे सगळं छापलं गेलं त्याचं नाव सेरामपूर. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला श्रीरामपूर असंही म्हटलेलं सापडतं. पण हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हे कोलकात्याच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर, हुगळीच्या काठावर आहे. त्या काळी तिथे इंग्रजांची नाही, तर डेन्मार्कची सत्ता होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये कॅरीचं नाव बहुतेक वेळा एकट्याचं येतं. पण त्याचं आयुष्य उलगडून बघितलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. भारतातली पहिली सहा वर्षं कॅरी जवळपास एकटा होता आणि त्या काळात दाखवण्यासारखं फार काही उभं राहिलं नाही. त्यानंतर त्याला जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे दोन सोबती मिळाले आणि पुढची २३ वर्षं तिघांनी मिळून एवढं काम केलं की इतिहासात त्यांचं नावच सेरामपूरचं त्रिकूट असं पडलं.

ही मैत्री टिकली कशी, ती कुठे कमी पडली आणि कुठे तुटायची वेळ आली, हेच आज बघू.

तपकिरीची डबी आणि खाणीतला दोर

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा. नॉर्दम्प्टनशायरमधलं पॉलर्सपरी हे त्याचं गाव. वडील विणकर, नंतर गावचे शाळामास्तर झाले. घरची परिस्थिती बेताचीच. कॅरी पोरवयात बूट शिवण्याच्या कामाला शिकाऊ म्हणून लागला. तिथे त्याच्यासोबत जॉन वॉर नावाचा दुसरा एक शिकाऊ पोरगा होता. तो चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या मंडळींपैकी. दोघांचे धर्मावरून वाद व्हायचे आणि त्या वादांतूनच कॅरीची श्रद्धा बदलत गेली. म्हणजे सुरुवातसुद्धा एका दोस्तापासूनच झाली.

१७८१ मध्ये त्याचं डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं. डोरोथीला लिहिता येत नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली. हे नावही लक्षात ठेवा.

बूट शिवता शिवता कॅरी लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. शाळा चालवली, मग पाळक झाला. त्याच्या डोक्यात एकच विषय फिरत होता. ख्रिस्ती धर्माचा प्रसार दूरच्या देशांत जाऊन केला पाहिजे. आज हे ऐकून नवल वाटत नाही, पण त्या काळच्या इंग्लिश बाप्टिस्ट पाळकांना ही कल्पना विचित्र वाटायची. १७९२ मध्ये त्याने या विषयावर एक पुस्तिका काढली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावात एका विधवा बाईंच्या घरी मोजकेच पाळक जमले. अँड्र्यू फुलर, जॉन रायलंड, जॉन सटक्लिफ ही त्यातली महत्त्वाची नावं. तिथे मिशनरी संस्था काढायचं ठरलं आणि वर्गणीचे आकडे घालण्यात आले. एकूण रक्कम भरली १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या फुलरच्या तपकिरीच्या डबीत ठेवल्या गेल्या. भारतात पुढे जे काही उभं राहिलं त्याचं पहिलं भांडवल हे एवढंच.

फुलरने पुढे या बेताचं वर्णन करताना खाणीची उपमा दिली. खोल खाण आहे, आत कधी कोणी उतरलेलं नाही. कॅरी उतरायला तयार झाला, पण त्याची अट एकच होती की वर उभ्या असलेल्यांनी दोर सोडायचा नाही. फुलर, रायलंड आणि सटक्लिफने ती कबूल केली. फुलरने तर उरलेलं सगळं आयुष्य यात घातलं. पैसे गोळा करत तो इंग्लंड आणि स्कॉटलंडभर फिरला, आणि पार्लमेंटपासून वर्तमानपत्रांपर्यंत जिथे जिथे मिशनवर टीका झाली तिथे उत्तरं देत राहिला. भारत मात्र त्याने कधी बघितला नाही.

पहिला सोबती आणि पहिली सहा वर्षं

कॅरीसोबत भारतात आलेला पहिला सोबती म्हणजे डॉक्टर जॉन थॉमस. थॉमस आधी बंगालमध्ये राहून आला होता, त्याला बंगाली येत होती आणि तो मनाने उदार होता. पण पैशाच्या बाबतीत त्याचा ताळमेळ नव्हता. निघायच्या आधीच देणेकरी त्याच्या मागे लागले होते. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यामुळे परवाना नसलेल्या या मंडळींना पहिल्या जहाजावरून उतरवण्यात आलं.

डोरोथीने यायला आधी साफ नकार दिला होता. तिला तीन लहान मुलं होती आणि चौथं व्हायचं होतं. कॅरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला घेऊन निघाला होता. जहाज हुकल्यामुळे तो परत घरी आला तेव्हा तिचं बाळंतपण झालेलं होतं. शेवटी आपली बहीण किटी सोबत आली तरच येईन, या अटीवर ती तयार झाली. १३ जून १७९३ ला सगळे एका डॅनिश जहाजातून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला पोचले. कॅरी पुन्हा इंग्लंडला गेलाच नाही.

कोलकात्यात थोड्याच दिवसांत पैसे संपले. हिशेब थॉमसकडे होता. कॅरी बायको, मेहुणी आणि चार मुलांना घेऊन सुंदरबनच्या बाजूला गेला. तिथे किटीचं कंपनीच्या एका अधिकाऱ्याशी जमलं आणि ती तिथेच थांबली. पुढे १७९४ मध्ये जॉर्ज उडनी नावाच्या अधिकाऱ्याने कॅरीला मालद्याच्या भागात मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर देखरेखीचं काम दिलं. पगार महिना २०० रुपये.

तिथे पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने गेला. त्यानंतर डोरोथीचं मन पार ढासळलं. नवऱ्यावर नाही नाही ते संशय, आरडाओरडा, अंगावर धावून जाणं असं सुरू झालं. इंग्लंडहून पहिली पत्रं हातात पडायला वर्षाहून जास्त काळ गेला. कॅरी रामराम बसू या मुन्शीच्या मदतीने बंगाली शिकत होता आणि बायबलचं भाषांतर करत होता. पण ते छापायचं कसं, पैसा कुठून आणायचा, ऐकणार कोण, या प्रश्नांना उत्तर नव्हतं. उडनीने एक लाकडी छापयंत्र घेऊन दिलं. ते चालवणारा जाणकार मात्र कोणी नव्हता. १७९९ संपत आलं तेव्हा कॅरीच्या हातात भाषांतराचे कागद होते, पण एकही बंगाली माणूस ख्रिस्ती झालेला नव्हता.

वॉर्ड आणि मार्शमन येतात

ऑक्टोबर १७९९ मध्ये क्रायटेरियन नावाच्या अमेरिकन जहाजातून नवी तुकडी आली. त्यात विल्यम वॉर्ड होता. डर्बीचा, छपाई शिकलेला, वर्तमानपत्रं संपादित केलेला माणूस. कॅरी भारतात निघायच्या आधी दोघांची एकदा ओझरती भेट झाली होती आणि तेव्हाच कॅरीने त्याला पुढे छपाईवाल्याची गरज लागेल असं सांगून ठेवलं होतं. सहा वर्षांनी तो खरंच आला.

सोबत जोशुआ मार्शमन होता. विणकराचा मुलगा, पुस्तकांचा किडा, ब्रिस्टलमध्ये शाळामास्तर. त्याची बायको हॅना मार्शमनही होती. तिच्याविषयी पुढे येईलच.

कंपनीच्या हद्दीत मिशनरींना थारा नव्हता, म्हणून ही मंडळी थेट डॅनिश सेरामपूरला उतरली. कंपनी सरकारने दबाव आणला, पण डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना पाठीशी घातलं. वॉर्ड मदनाबाटीला जाऊन कॅरीला भेटला आणि निळीचं काम सोडून सगळ्यांनी सेरामपूरला एकत्र राहायचं ठरलं. १० जानेवारी १८०० ला कॅरी आपलं छापयंत्र, चार मुलं आणि आजारी बायकोसह सेरामपूरला पोचला.

नव्या तुकडीतला ग्रँट उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. पुढच्या दोन वर्षांत ब्रन्सडन, फाउंटन आणि डॉक्टर थॉमसही गेले. मोठ्या जबाबदाऱ्या घ्यायला उरले ते कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड. तिघेही गरीब घरांतले, तिघेही स्वतःच्या हिमतीवर शिकलेले.

दोस्तीला नियम लावले होते

आता खरा विषय. तीन वेगळ्या स्वभावांची माणसं, त्यांची बायकामुलं, एकच आवार, एकच स्वयंपाकघर आणि परका देश. भांडणं होणार हे उघड होतं. यांनी काय केलं, तर सुरुवातीलाच काही नियम घालून घेतले.

पहिला नियम पैशाचा. कोणीही खाजगी धंदा करायचा नाही. जो जे कमावेल ते एकाच तिजोरीत जाईल आणि प्रत्येक कुटुंबाला खर्चापुरती ठरावीक रक्कम मिळेल.

हे नियम कागदावर सोपे वाटतात, म्हणून आकडे बघा. १८०१ मध्ये कॅरीला कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवायचं काम मिळालं, पगार महिना ५०० रुपये. पुढे मराठीही त्याच्याकडे आली आणि प्रोफेसर झाल्यावर पगार महिना १००० रुपयांवर गेला. मार्शमन पतिपत्नींच्या शाळांतून चांगलं उत्पन्न येऊ लागलं. वॉर्डचा छापखानाही कमवू लागला. या पैशात तिघेही आरामात श्रीमंत होऊ शकले असते. पण जवळपास सगळा पैसा सामायिक तिजोरीत गेला आणि त्यातून कागद, खिळे, शाळा आणि पंडितांचे पगार निघाले.

दुसरा नियम घरकारभाराचा. आवाराची व्यवस्था बघण्याचं काम महिन्यामहिन्याने फिरायचं. कायमचा मालक कोणी नाही.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. दर शनिवारी संध्याकाळी सगळे एकत्र बसायचे आणि आठवडाभरात कोणाचं कोणाबद्दल मन दुखलं असेल तर ते तिथेच बोलून मिटवायचे. रविवारची उपासना मनात अढी ठेवून करायची नाही. १८०५ मध्ये त्यांनी आपल्या कामाची तत्त्वं लेखी करार म्हणून मांडली आणि वर्षातून तीन वेळा ती सगळ्यांसमोर वाचायची असंही ठरवलं.

मतभेद झाले नाहीत असं नाही. प्रभुभोजनाच्या विधीत दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसाला सामील करून घ्यायचं की नाही, यावर वॉर्डचं मत एक आणि मार्शमनचं दुसरं. वॉर्डला दरवाजा उघडा हवा होता. शेवटी निर्णय त्याच्या मनाविरुद्ध गेला. त्याला तो पटला नाही, पण म्हणून त्याने छापखाना सोडला नाही.

कामाची वाटणी

कॅरी आठवड्यातले काही दिवस होडीने कोलकात्याला जाऊन कॉलेजात शिकवायचा आणि उरलेला वेळ भाषांतरात घालायचा. मार्शमन शाळा बघायचा, सोबत चिनी भाषा शिकत होता. त्याने बायबलचं चिनी भाषांतर पूर्ण केलं. कॅरी आणि मार्शमनने मिळून वाल्मीकी रामायणाचे इंग्रजी भाषांतरासह खंड काढले. वॉर्ड छापखाना सांभाळायचा, गावोगाव बोलायला जायचा आणि आणखी एक काम करायचा जे कुठल्याच यादीत येत नाही.

ते काम म्हणजे कॅरीची मुलं. बाप पुस्तकांत बुडालेला, आई आजारी, त्यामुळे चारही पोरं मोकाट सुटलेली. वॉर्डने आणि हॅना मार्शमनने त्यांना हाताशी धरलं. फेलिक्स वॉर्डच्या हाताखाली छपाई शिकला. पुढे तो ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये इरावती नदीत बोट उलटून त्याची बायको आणि मुलं बुडाली. तो खचला, भरकटला, काही काळ कुठे कुठे फिरत राहिला. १८१८ मध्ये चितगावच्या बाजूला त्याची गाठ पडली ती वॉर्डशीच, आणि वॉर्ड त्याला समजावून सेरामपूरला परत घेऊन आला.

छापखान्याने तर कमाल केली. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. पंचानन कर्मकार हा खिळ्यांचे ठसे कोरणारा कसबी कारागीर तिथे आला, नंतर त्याचा जावई मनोहरने काम पुढे नेलं, आणि एकामागून एक लिप्यांचे खिळे तयार होत गेले. १८०१ ते १८३२ या काळात सुमारे ४० भाषांत २ लाखांहून जास्त प्रती तिथे छापल्या गेल्या.

मराठीच्या वाट्याला काय आलं? १८०५ मध्ये व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान, १८१० मध्ये कोश, १८११ मध्ये नवा करार. त्यानंतर सिंहासन बत्तिशी, हितोपदेश, राजा प्रतापादित्याचं चरित्र अशी पुस्तकं मोडी लिपीत निघाली. या सगळ्यामागे कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ होते. कॅरीने आयुष्याची ४० वर्षं बंगालमध्येच काढली. त्यामुळे त्याची मराठी बरीचशी वैजनाथ पंडितांकडून आलेली आहे.

१८१८ मध्ये सेरामपूरहूनच समाचार दर्पण हे बंगाली साप्ताहिक सुरू झालं. संपादक होता मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क मार्शमन. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं ते १८३२ मध्ये.

आग लागली तेव्हा

११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. छापखान्याच्या कागदाच्या कोठारातून धूर येताना वॉर्डला दिसला. दारं-खिडक्या बंद ठेवून आग कोंडायचा प्रयत्न झाला, वरून पाणी ओतलं, पण रात्री छप्पर कोसळलं. इंग्लंडहून आलेला कागद, अनेक लिप्यांचे खिळे आणि हस्तलिखितं जळून गेली. त्यात कॅरीने वर्षानुवर्षं जमवलेला अनेक भाषांचा कोश आणि रामायणाच्या भाषांतराचा काही भाग होता.

कॅरी त्या रात्री कोलकात्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन स्वतः जाऊन त्याला बातमी सांगून आला. दोघे सेरामपूरला परत आले तेव्हा वॉर्ड राखेतून काय वाचतंय ते शोधत होता. पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळलेलं शिसं गोळा करून वॉर्डने कारागिरांकडून लगेच नवे खिळे ओतून घ्यायला सुरुवात केली. शेजारचं एक रिकामं गोदाम ताब्यात घेतलं आणि थोड्याच आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. कॅरीने जळलेली भाषांतरं पहिल्यापासून करायला घेतली.

तिकडे इंग्लंडमध्ये बातमी पोचल्यावर फुलर आणि मंडळींनी सुमारे दोन महिन्यांत झालेल्या नुकसानीएवढी रक्कम जमवली. २० वर्षांपूर्वी ज्यांनी दोर धरला होता, त्यांनी तो अजून सोडला नव्हता.

ज्यांची नावं त्रिकुटात येत नाहीत

आता नाण्याची दुसरी बाजू. या मैत्रीचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही.

हॅना मार्शमनने १८०० मध्येच मुलींसाठी शाळा सुरू केली. अख्ख्या आवाराचं जेवणखाण, दुसऱ्यांची मुलं, स्वतःची १२ बाळंतपणं आणि शाळेचं उत्पन्न हे सगळं तिने पेललं. कामाच्या हिशेबाने बघितलं तर हे त्रिकूट नव्हतं, चौघं होते. तिला भारतातली पहिली स्त्री मिशनरी म्हटलं जातं, पण त्रिकुटाच्या चित्रात ती नसते.

डोरोथीची गोष्ट आणखी कठीण आहे. कॅरीला सोबती मिळत गेले. डोरोथीची एकच सोबतीण होती, बहीण किटी, आणि ती सुंदरबनात मागे राहिली. पुढची बारा-तेरा वर्षं डोरोथी आजारातच होती आणि शेवटची काही वर्षं तिला खोलीत बंद करून ठेवावं लागायचं. शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करत बसायचा. ८ डिसेंबर १८०७ ला ती वारली. कॅरीने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, असं त्याच्या बाजूने सांगितलं जातं. पण ती मनाने कधी निघालेलीच नव्हती, हेही तितकंच खरं.

आणि तिसरे म्हणजे पंडित आणि कारागीर. रामराम बसू, मृत्युंजय विद्यालंकार, वैजनाथ, पंचानन, मनोहर यांच्याशिवाय एकही पुस्तक निघालं नसतं. पण ते पगारी नोकर होते, सामायिक तिजोरीतले भागीदार नव्हते. या मिशनरींचा मूळ हेतू धर्मांतराचा होता हेही विसरून चालणार नाही. वॉर्डने हिंदूंच्या चालीरीतींवर लिहिलेला मोठा ग्रंथ एकांगी आहे अशी टीका होते, आणि घाईने केलेली अनेक भाषांतरं पुढे दुसऱ्यांना नव्याने करावी लागली.

दोर धरणारे गेले आणि दोर तुटला

१८१४ मध्ये सटक्लिफ वारला. १८१५ मध्ये फुलर गेला. लंडनच्या संस्थेत नवी माणसं आली. त्यांची आणि कॅरीची कधी भेट झालेली नव्हती. त्यांनी विचारायला सुरुवात केली की सेरामपूरच्या इमारती आणि छापखाना कोणाच्या मालकीचा, आणि हिशेब कोण देणार.

प्रश्न चुकीचे नव्हते. पण फुलर होता तोपर्यंत ते विचारावेच लागले नव्हते, कारण सगळा व्यवहार ओळखीच्या माणसांच्या विश्वासावर चालला होता. तो विश्वास संस्थेच्या नियमांत उतरवून ठेवलेला नव्हता. सेरामपूरच्या आत शनिवारची बैठक होती. सेरामपूर आणि लंडनच्या मध्ये तसं काही नव्हतं. पत्र जायला चार-पाच महिने, उत्तर यायला तेवढेच, आणि मधल्या काळात संशय वाढत जायचा.

नव्याने आलेल्या तरुण मिशनरींनाही जुन्या तिघांचा कारभार हुकूमशाहीचा वाटला. १८१८ मध्ये त्यांनी कोलकात्यात वेगळी चूल मांडली. त्यात कॅरीचा सख्खा पुतण्या युस्टेस कॅरीही होता. सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या मार्शमनने. तो फटकळ, हट्टी आणि व्यवहारात चिवट होता. टीकाकारांचा सूर असा की कॅरी भला माणूस आहे, बिघडवतोय तो मार्शमन.

कॅरीला इथे सोपी वाट होती. मार्शमनला बाजूला केलं असतं तर लंडनशी तंटा मिटायची शक्यता होती. मार्शमनचे दोष त्याला माहीत होते, ते त्याने लपवलेही नाहीत. पण त्याने सोबत सोडली नाही. १८२७ मध्ये सेरामपूर आणि लंडनची संस्था अधिकृतपणे वेगळे झाले आणि कॅरी स्वतःच स्थापन केलेल्या संस्थेच्या बाहेर पडला.

त्याआधीच एक मोठा घाव बसला होता. नव्या सेरामपूर कॉलेजसाठी वॉर्ड इंग्लंड आणि अमेरिकेत फिरून निधी जमवून परतला होता. ७ मार्च १८२३ ला पटकीने तो एका दिवसात गेला. त्रिकुटातलं वातावरण हलकं ठेवणारा, दोघांच्या मधला दुवा असलेला माणूस तोच होता. २३ वर्षांची तिघांची सोबत तिथे संपली.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. १८३० मध्ये कोलकात्यातली पामर आणि कंपनी ही मोठी पेढी बुडाली, आर्थिक संकट आलं, फोर्ट विल्यम कॉलेजही आक्रसलं आणि कॅरीचं उत्पन्न घटलं. तरी काम चालू राहिलं. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला तेव्हा त्याचं बंगाली भाषांतर कॅरीनेच केलं होतं.

९ जून १८३४ ला वयाच्या ७२ व्या वर्षी कॅरी सेरामपूरला वारला. मार्शमन डिसेंबर १८३७ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी लंडनची संस्था आणि सेरामपूर पुन्हा एक झाले. तिघांच्याही कबरी सेरामपूरच्या एकाच दफनभूमीत आहेत.

१८१८ मध्ये तिघांनी काढलेलं सेरामपूर कॉलेज आजही चालू आहे. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदव्या देण्याची सनद दिली होती. त्याच सनदेच्या जोरावर सेरामपूरच्या सिनेटच्या ईश्वरविज्ञानाच्या पदव्या भारतभर दिल्या जातात. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही त्यांच्याशी संलग्न आहे.

कॅरीच्या गोष्टीतून मैत्रीबद्दल काय हाती लागतं, तर ती फक्त मनं जुळल्यावर टिकली नाही. पैसा एकत्र, कारभार आळीपाळीने आणि रुसवेफुगवे आठवड्याच्या आत, या तीन सवयींवर ती टिकली. जिथे या सवयी पोचल्या नाहीत, मग ते लंडन असो की डोरोथीची खोली, तिथे ती मैत्री कोणाच्या कामाला आली नाही.